दोन फूट माती आणि दीड इंच कापूस

पत्रिकेत विषय 'आपली घरे आणि उष्णता' असा छापला आहे, तो जरा मोठा वाटतो. मला बोलायचंय ते त्याहून थोडं. ऊब असो नाहीतर गारवा, तो घरात टिकावा म्हणून आपल्या बीड जिल्ह्यातल्या लोकांनी हाताशी असलेल्या कोणत्या वस्तू वापरल्या, त्या खरोखर किती उपयोगाच्या होत्या आणि त्यांची किंमत कुणी मोजली, एवढंच. व्याख्यान इतिहासाचं असलं तरी मध्ये थोडं गणित येणार आहे. पण ते तोंडी करता येईल असं आहे, कुणी घाबरू नये.

आपला जिल्हा म्हणजे बालाघाटाच्या रांगेनं दोन भागांत वाटलेला मुलूख. पाटोदा, धारूर, अंबाजोगाई हा घाटावरचा भाग, आणि गेवराई, माजलगाव हा खालचा गोदाकाठ. समुद्र लांब, हवा कोरडी, आकाश वर्षातले बरेच महिने निरभ्र. अशा ठिकाणी दिवस लवकर तापतो आणि रात्र लवकर निवते. म्हणजे आपल्या घराला दोन कामं करावी लागतात. उन्हाळ्यात बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नाही आणि थंडीत आतली बाहेर जाऊ द्यायची नाही. कोकणातल्या घराची पहिली काळजी पाऊस ही असते. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांचा पाहुणा, तोही दर वर्षी येईलच असं नाही.

सुरुवात घरापासून न करता गोधडीपासून करतो. गोधडी ऊब देते असं आपण म्हणतो. खरं म्हणजे गोधडी ऊब देत नाही. ऊब देतो आपला देह, गोधडी ती फक्त निसटू देत नाही. खात्री करायची असेल तर बर्फाची लादी गोधडीत गुंडाळून बघा. ती उघड्यावरच्या लादीपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकेल. आपल्या बाजारातला बर्फवाला लादीवर भुसा टाकतो आणि वर गोणपाट घालतो, तो हेच करतो. ही युक्ती एकेकाळी सातासमुद्रापार गेली होती. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बोस्टनच्या व्यापाऱ्यानं हवानाच्या बर्फघरात गवत, भुसा, घोंगड्या असं काय काय वापरून पाहिलं आणि शेवटी लाकडाच्या भुश्यावर भरवसा ठेवला. १८३३ मध्ये त्याचं 'टस्कनी' हे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोहोचलं, तेव्हा त्यातला शंभरेक टन बर्फ शिल्लक होता. विषुववृत्त दोनदा ओलांडून. पुढच्याच वर्षी मुंबईतही अमेरिकेचा बर्फ उतरला.

पण कोणती वस्तू किती रोखते हे नीट मोजून पाहणारा माणूस ट्यूडरच्याही आधीचा. बेंजामिन थॉम्प्सन त्याचं नाव. १७५३ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला. तिकडच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूनं राहिला म्हणून देश सोडावा लागला, आणि पुढे जर्मनीतल्या बव्हेरियाच्या राजाच्या चाकरीत काउंट रम्फर्ड झाला. माणूस मोठा उलाढाल्या होता. रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएच्या विधवेशी यानं लग्न केलं आणि ते टिकलं नाही, ती गोष्ट वेगळी. बव्हेरियाच्या फौजेला कपडे कोणते द्यावेत हा त्याच्यापुढचा सरकारी प्रश्न. त्यानं काय केलं? एका थर्मामीटरचा फुगा दुसऱ्या मोठ्या काचेच्या गोळ्यात बसवला. मधल्या पोकळीत कधी कापूस, कधी लोकर, कधी रेशीम, कधी सशाचे केस भरले. दर वेळी वजन सारखंच, आपल्या मापात जेमतेम ग्रॅमभर. मग ते उपकरण उकळत्या पाण्यात तापवायचं, बर्फाच्या पाण्यात बुडवायचं आणि पारा ठरावीक खुणेवरून दुसऱ्या खुणेपर्यंत उतरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. आपल्या अंशांत सांगायचं तर साडेसत्त्याऐंशीवरून साडेबारापर्यंत.

पोकळीत नुसती हवा होती तेव्हा ५७६ सेकंद लागले. कापूस भरल्यावर १०४६. लोकर भरल्यावर १११८. सशाचे केस, १३१५. हे प्रयोग लंडनच्या रॉयल सोसायटीनं छापले आणि १७९२ साली त्याला कोप्ली पदक दिलं.

आपल्या कामाची गोष्ट यातल्या एका बारीक नोंदीत आहे. त्यानं तोच कापूस, तेवढ्याच वजनाचा, पण पिंजलेला न घेता सुताच्या रूपात भरून पाहिला. वेळ हजाराच्या वरून साडेआठशेच्या आसपास खाली आला. जिन्नस तोच आणि वजनही तेच, मग फरक कशाचा? अडकलेल्या हवेचा. हवा उष्णता फार सावकाश वाहून नेते, पण मोकळी सोडली की ती फिरते आणि फिरता फिरता उष्णता घेऊन जाते. पिंजलेल्या कापसाचे तंतू तिला जागच्या जागी धरून ठेवतात. पिळून सूत केलं की ती धरायला जागाच कमी उरते.

हे वाचलं की मला आपल्या गल्लीतला पिंजारी आठवतो. खांद्यावर धनुकली, तारेचा तो विशिष्ट आवाज. मराठवाड्यात पिंजारी आणि नदाफ मंडळींचा हा पिढीजात धंदा. गादी दोन-तीन वर्षांत बसते, चपटी होते, ऊब धरेनाशी होते. पिंजारी तिच्यात नवा कापूस फारसा घालत नाही, जुनाच मोकळा करतो. म्हणजे तो आपल्याला हवा विकतो. आणि ती विकत घेण्यासारखी असते, हे रम्फर्डच्या सेकंदांवरून कळतं.

गोधडीचंही तसंच. आमच्याकडे काही घरांत वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे थरावर थर ठेवून धावदोऱ्यानं शिवायचे. शिवणाऱ्या बायकांना टाका किती दाट घालायचा याचा अंदाज असतो. फार दाट घातला तर गोधडी ताठ होते, टिकते, पण थंडीला तितकीशी उपयोगी पडत नाही. फार विरळ घातला तर थर सरकतात आणि चिंध्या गोळा होतात. उन्हात वाळवून, झटकून, मग घडी घालायची हा नेम केवळ स्वच्छतेचा नाही. ओल गेली आणि थर सुटे झाले की गोधडी पुन्हा फुगते.

आता घराकडे येऊ. जुन्या बीडचं, म्हणजे निजामाच्या राजवटीत आणि त्याआधीही जे घर इथं होतं, ते माळवदाचं. तुमच्यापैकी निम्मे लोक तरी अशा घरात वाढले असतील. दगड-मातीच्या दीड-दोन फूट जाड भिंती. आत सागवानी नाहीतर बाभळीचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर सर, त्यांवर बारीक लाकडाच्या चिपा दाटून बसवलेल्या, त्यांवर पाला नाहीतर तुराट्या, त्यांवर चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. उजेडाला आणि धुराला छतात एक साणं. भिंतींना खिडक्या जवळजवळ नाहीतच.

ही पांढरी माती म्हणजे काय? गावठाणाची माती. आपल्याकडे शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. माणसांनी शेकडो वर्षं एका जागी राहून, चुलीची राख, पडलेल्या भिंती, शेण, केरकचरा असं सगळं एकावर एक साठून झालेली. ती चिकट असते, पाणी लवकर आत सोडत नाही, म्हणून छताला उत्तम. लोक ती गावाजवळच्या टेकाडातून, पडक्या गढीतून खणून आणत. शेजारच्या जिल्ह्यातल्या तेरला अशी टेकाडं म्हणजे सातवाहन काळातलं शहर आहे. त्या गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी मातीतून निघालेल्या मूर्ती, मणी, भांडी जपून ठेवली, म्हणून आज तिथं वस्तुसंग्रहालय उभं आहे. बाकी ठिकाणी किती इतिहास माळवदावर चढला आणि पावसात वाहून गेला, कोण सांगणार!

दर वर्षी रोहिणी निघायच्या सुमाराला माळवदावर नवी पांढरी टाकायची. गळकी जागा दिसली की तिथं चार पाट्या जास्त. पाट्या वाहायच्या बहुतेक बायकांनी. जुनी माती काढून नवी टाकणं हे खरं तर योग्य, पण ते दुप्पट काम. त्यामुळे थरावर थर चढत गेला. फूटभराचं छत दोन पिढ्यांत दोन फुटांचं झालं, काही ठिकाणी त्याहून जाड. आणि जाड माळवद म्हणजे थंडगार घर अशी समजूत पक्की झाली.

इथं गणित करू. उष्णता वाहू देण्याच्या बाबतीत सुकी माती आणि पिंजलेला कापूस यांची तुलना केली, तर माती साधारण सतरा पट सैल आहे. म्हणजे दोन फूट, म्हणजे चोवीस इंच माती, ही रोखण्याच्या कामात किती कापसाच्या बरोबरीची? चोवीस भागिले सतरा. दीड इंचसुद्धा नाही. डोक्यावरचं दोन फूट माळवद आणि अंगावरची एक चांगली फुगलेली दुलई, उष्णता अडवण्यात जवळपास सारख्याच.

तुम्ही म्हणाल, मग माळवदाचं घर गार कसं लागायचं? आमच्या अंगाला आठवतंय ते खोटं का? खोटं नाही. माती उष्णता अडवत नाही, ती तिला उशीर लावते. दुपारची झळ छतावर पडली की माती आधी स्वतः तापते. वरचा इंच तापला की त्याखालचा. असं करत करत एक फूट मातीतून ती आत यायला ढोबळमानानं नऊ-दहा तास लागतात. दुपारी दोनची झळ आत येते मध्यरात्री, तेव्हा घरातली माणसं त्याच माळवदावर जाऊन चांदण्यात झोपलेली असत. आणि ती येते तेव्हा तिची ताकद दहाव्या हिश्श्याच्याही खाली गेलेली असते. ज्वारीच्या पेवाचं तत्त्व हेच. जमिनीत पुरेसं खाली गेलं की दिवस-रात्र कळत नाही. याउलट आजचा चार इंची सिमेंटचा स्लॅब घ्या. त्यातून तीच झळ तीनेक तासांत आत येते, संध्याकाळी, बरोबर सगळे घरी परतायच्या वेळेला. पत्र्याला तर तासांचा हिशेबच लागू नाही, तिथं मिनिटं मोजायची.

आता मुद्दा असा. पहिल्या फुटानं जर झळ दहाव्या हिश्श्यावर आणली, तर दुसऱ्या फुटानं काय केलं? गारव्याच्या दृष्टीनं जवळजवळ काहीच नाही. जे उरलंच नव्हतं त्याला आणखी कमी केलं, एवढंच. पण वजनाच्या दृष्टीनं काय केलं ते बघा. दहा बाय दहाची खोली, वर दोन फूट माती. दोनशे घनफूट. घनफुटाला पंचेचाळीस किलो धरा. नऊ हजार किलो. जुन्या सहाचाकी ट्रकचा भरलेला माल एका खोलीच्या छतावर, आणि खाली माणसं झोपलेली.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच संपत होती. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या परिसरात धरणी हलली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगातल्या मोठ्या भूकंपांत गणला जाणारा नव्हे. तरी आठ ते दहा हजार माणसं गेली. वेगवेगळ्या नोंदींत आकडा वेगळा आहे. पन्नासहून जास्त गावं दुसरीकडे नव्यानं वसवावी लागली. आपल्या अंबाजोगाईच्या बाजूलाही ती पहाट विसरलेलं घर सापडणार नाही.

एवढी माणसं का गेली? पहिला दोष भिंतींचा. बाहेरून आणि आतून दगडाचे दोन पदर, मध्ये चिखल आणि दगडगोटे, आणि दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नाहीत. हादरा बसला की पदर सुटले. मग वरचं सगळं खाली आलं. ते सगळं म्हणजे ही माती. घरं दगडानं पडली, पण बरीच माणसं मातीखाली गुदमरली. त्यानंतर इंजिनिअर मंडळींनी गावोगाव सांगितलं ते मुख्यतः दोन गोष्टींबद्दल. भिंतीत आरपार बांध घाला आणि माळवदावरची माती कमी करा. म्हणजे त्यांनी सांगितलेली दुरुस्ती अशी होती, की जिच्यामुळे गारव्याला फारसा धक्का लागला नसता.

माझं म्हणणं इथं स्पष्ट मांडतो. माळवद वाईट नव्हतं. दर वर्षी न काढता वर टाकत गेलेली माती वाईट होती, आणि ती 'गारव्यासाठी' आहे या समजुतीनं तिला संरक्षण दिलं. गळतीचा इलाज गारव्याच्या नावावर खपला. कुणी एका उन्हाळ्यात दोन माळवदांखाली, एक फुटाच्या आणि दोन फुटांच्या, एकेक थर्मामीटर टांगला असता, तर फरक नजरेत भरण्याजोगा दिसला नसता. रम्फर्डचा प्रयोग तोपर्यंत दोनशे वर्षं जुना झाला होता. शाळेच्या प्रयोगशाळेत थर्मामीटर होता. मात्र हवामान खात्याचं तापमान मोजलं जातं ते पांढऱ्या जाळीदार पेटीत, सावलीत, उघड्यावर. घराच्या आतलं तापमान मोजणं हे कुणाचंच काम नव्हतं.

भूकंपानंतर भीतीनं एक झालं. लोकांनी माती कमी केली नाही, मातीचं घरच सोडलं. अंगणात पत्र्याचं शेड टाकलं आणि तिथं झोपायला लागले. आधी महिनाभरासाठी, मग पावसाळा निघेपर्यंत, मग कायमचं. सागवान महाग झालं होतं, माळवद बांधणारे सुतार-गवंडी कमी होत होते, पांढरी वाहायला घरात माणसं नव्हती. पत्रा हलका, एका दिवसात चढणारा, पडला तरी माणूस वाचेल असा. ज्यानं तो घेतला त्याला मी नावं ठेवणार नाही. जीव आधी, गारवा मागाहून.

पण पत्र्याचा हिशेब तर मांडायला हवा. अर्ध्या मिलिमीटरचा लोखंडी पत्रा उष्णता रोखण्याच्या दृष्टीनं नसल्यासारखा. मे महिन्यात दुपारी त्याच्याखाली बसवत नाही, हे सांगायला वक्ता लागत नाही. थंडीत काय होतं ते कमी लोक लक्षात घेतात. निरभ्र रात्री पत्रा वरच्या आकाशाला उष्णता देत राहतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. म्हणून पहाटे त्याच्या आतल्या बाजूनं थेंब धरतात आणि अंथरुणावर टपकतात. घरातल्या माणसांच्या श्वासातलीच ती वाफ. ओली गोधडी म्हणजे हवेच्या जागी पाणी भरलेली गोधडी, आणि पाणी उष्णता हवेच्या वीस-पंचवीस पट सहज वाहून नेतं. पत्र्याखाली माणसाला दोन गोधड्या लागतात त्या यामुळे.

यापुढचं घर बीड जिल्ह्याच्या बाहेर असतं, पण ते बीडचंच घर आहे. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, कर्नाटकात बेळगावकडे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली, ती फेडायची. पाच-सहा महिने मुक्काम कोपीत. बांबूच्या कमानी, वर चटई आणि उसाचं पाचट. हल्ली वरून ताडपत्री किंवा प्लास्टिकचा कागद. उंची एवढी की दारातून वाकून जावं लागतं.

गणितात ही कोपी कुठं बसते? सुकं पाचट मातीच्या जवळपास नऊ-दहा पट चांगलं रोखतं, कारण तेही कापसासारखं हवा धरून ठेवतं. म्हणजे अडीच-तीन इंच पाचट दोन फूट माळवदाच्या बरोबरीचं. कोपीवर ते बऱ्याचदा चार-सहा इंच असतं. नुसत्या जिनसाचा विचार केला तर जिल्ह्यातल्या सगळ्यात गरीब माणसाच्या डोक्यावर सगळ्यात चांगलं छत आहे, आणि ते फुकटचं, शेतातलं. वजन किती, तर दोघांनी उचलून बाजूला ठेवावं एवढं.

मग कोपीत थंडी का वाजते? एक, वारा. दाराला दार नाही, एखादं लुगडं नाहीतर पोतं लावलेलं. पाचटातली हवा हललीच तर रम्फर्डच्या रिकाम्या गोळ्यासारखी गत. म्हणून वरचा प्लास्टिकचा कागद कामाचा. तो स्वतः काही रोखत नाही, पण वारा थांबवतो आणि पाचट कोरडं ठेवतो. दोन, जमीन. उसाचं रान पाण्याखालचं, ओलं, काळ्या मातीचं. अंगावरची गोधडी फुगलेली राहते, पण अंगाखालची देहाच्या वजनानं चपटी होते, आणि निम्मी ऊब खालून जाते. टोळीतल्या जाणत्या बाया आधी पाचटाचा जाड थर पसरतात, त्यावर पोती, त्यावर वाकळ. वर एक पांघरूण कमी चालेल पण खाली पाचट हवं, हे त्या सांगतात आणि ते तंतोतंत बरोबर आहे. तीन, वेळ. पहाटे तीन-चारला उठून फडात जायचं, म्हणजे रात्रीचे सगळ्यात गार तास बाहेर काढायचे. त्यावर कोणत्याच घराचा उपाय चालत नाही.

आणि पाचटाचा एक दोष सांगितला नाही तर मी लबाडी केली असं होईल. ते पेटतं. चूल कोपीच्या तोंडाशी असते, वारा फिरला की ठिणगी छतावर. जे जिन्नस हवा धरून ठेवतात ते त्याच हवेवर भडकतात. माळवद कधी पेटून खाक होत नव्हतं.

हंगामात कोप्यांमध्ये बाळंतपणंही होतात. नवजात बाळाचं वजन दोन-अडीच किलो, त्या मानानं कातडीचा पसारा मोठा, अंगात चरबी कमी आणि जन्मतःच अंग ओलं. मोठ्या माणसापेक्षा ते फार भरभर निवतं. इथं आपल्या महाराष्ट्रात मोजणी झाली, आणि ती घरात झाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून तयार केलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करत, थर्मामीटर लावून ताप बघत, श्वास मोजत, आणि बाळ निवत असेल तर त्याला गुंडाळायची, उबदार पिशवीत ठेवायची रीत घरच्यांना शिकवत. इतर उपचारही होते, जंतुसंसर्गावर औषधं होती, त्यामुळे सगळं श्रेय गुंडाळण्याला देता येत नाही. पण तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. २०११ पासून देशभर आशाताई नवजात बाळाच्या भेटीला घरी जातात आणि त्यांच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर आणि बाळासाठी पांघरूण असतं, त्याचं मूळ या कामात आहे.

मघाची गोष्ट इथं जिवावरची होते. गोधडी ऊब देत नाही. कमी वजनाचं, निवलेलं बाळ गार गोधडीत कितीही घट्ट गुंडाळलं, तरी त्याच्या अंगातच उष्णता कमी असेल तर गोधडी राखणार काय? म्हणून बाळ आधी पुसून कोरडं करायचं, टोपी घालायची, आईच्या उघड्या छातीशी धरायचं आणि मग दोघांवर मिळून पांघरूण. ही आईच्या अंगाशी धरायची पद्धत दवाखान्यांत नेटानं वापरायला कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८-७९ च्या सुमाराला सुरुवात झाली, काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. तुमच्या-आमच्या आज्यांना ती नवी वाटली नसती. मात्र बाळंतिणीला आणि बाळाला वेगळं ठेवण्याचीही आपल्याकडे रीत होती, आणि जन्मल्या जन्मल्या बाळाला अंघोळ घालायचीही, हे विसरून चालणार नाही. सगळं जुनं शहाणंच होतं असं समजायचं कारण नाही. माळवदाची दुसऱ्या फुटाची मातीही जुनीच होती.

माझं बोलणं इथं थांबवतो. प्रश्न असतील तर घेऊ.

(एका श्रोत्याचा प्रश्न: आमचं घर पत्र्याचं आहे, स्लॅब परवडत नाही. उन्हाळ्यात पत्र्यावर पाचट टाकतात, त्याचा खरंच उपयोग होतो का?)

होतो. ऊन पत्र्यावर पडण्याऐवजी पाचटावर पडतं, हा पहिला फायदा, आणि पाचटातली हवा दुसरा. कडबा, तुराट्या, पऱ्हाट्याही चालतील, पण पऱ्हाट्या विरळ, थर जाड करावा लागतो. जाळी किंवा दोरीनं बांधून घ्या, चुलीच्या धुराड्यापासून लांब ठेवा आणि मृगाच्या आधी काढा, नाहीतर भिजून कुजतं आणि पत्रा गंजतो. चुना मारलात तर दिवसाचं ऊन बरंच परततं, पण थंडीत त्याचा काही उपयोग नाही. थंडीसाठी आतून काम करायला हवं. पत्र्याच्या खाली वीतभर जागा सोडून पोत्यांचं नाहीतर जुन्या साड्यांचं छत ताणून बांधा. मधली हवा अडकेल, आणि थेंब अंथरुणावर पडायच्या आधी तिथं टिपले जातील. ते अधूनमधून काढून वाळवावं लागेल, आणि आत चूल असेल तर ते करू नका.

(दुसऱ्या श्रोत्याचा प्रश्न: मी शाळेत शिकवतो. हे मुलांना करून दाखवता येईल का?)

सहज येईल. सारखे चार स्टीलचे तांबे घ्या. एक उघडा ठेवा. बाकीचे एक गोधडीत, एक पाचटात, एक ओल्या माती भरलेल्या बादलीत. गरम पाणी मोजून सारखं ओता, दर दहा मिनिटांनी तापमान लिहा आणि आलेख मुलांनाच काढू द्या. जमल्यास पाचवा तांब्या ओल्या गोधडीत ठेवा, त्यावर वर्गात चांगली भांडणं होतील. फक्त सगळ्या तांब्यांवर सारखी झाकणं ठेवा. झाकण राहिलं तर वाफेतूनच एवढी उष्णता जाते की गोधडी आणि पाचट यांतला फरक दिसतच नाही.